विहीर, सरवा आणि उपकारस्तुती

आपल्या इतिहासाच्या गप्पांमध्ये आज एक शब्द घेऊन आले आहे. शब्द आहे 'उपकारस्तुती'.

आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींच्या घरी हा शब्द रोजचा आहे. बाळंतपण सुखरूप झालं, दुखणाईत माणूस उठून बसलं, पीक घरात आलं, की घरात प्रार्थना होते, गाणी होतात, चार लोकांना चहा-जेवण होतं. सुगीच्या दिवसांत काही चर्चमध्ये धान्याची पायली, भोपळा, अंडी, कोंबडीसुद्धा देवापुढे आणून ठेवतात. तिचं नाव उपकारस्तुती. देवाने केलेले उपकार आठवायचे आणि मोठ्याने बोलून दाखवायचे. आपण नव्या धान्याचा नैवेद्य दाखवतो, पोळ्याला बैलाच्या पाया पडतो, फातिहा देतो, त्यामागचा भावही ह्याच्या जवळचाच आहे.

पण ख्रिस्ती उपकारस्तुतीत सगळ्यात मोठा उपकार पिकाचा किंवा पावसाचा मानत नाहीत. तो मानतात 'तारणा'चा, सोडवणुकीचा. हा शब्द मोठा धर्माचा वाटतो, पण त्याचं मूळ आपल्या अगदी ओळखीचं आहे. जुन्या काळच्या इस्राएल लोकांत एखाद्याची जमीन कर्जापायी दुसऱ्याच्या हाती गेली, किंवा माणूसच गुलाम म्हणून विकला गेला, तर त्याच्या जवळच्या नातलगाने पैसे भरून ती जमीन, तो माणूस सोडवून आणायचा, असा रिवाज होता. म्हणजे गहाण सोडवणं! ज्या बाईने सावकाराकडून मंगळसूत्र सोडवून आणलं आहे, तिला 'तारण' वेगळं समजावून सांगायला नको. येशूने आपला जीव देऊन आपल्याला पापाच्या आणि मरणाच्या गहाणातून सोडवलं, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे.

आता पुढचा प्रश्न. कुणी आपल्याला सोडवलं, तर त्याचे उपकार फेडायचे कसे? देवाला तर काहीच कमी नाही. त्याला काय देणार?

बायबलच्या जुन्या नियमशास्त्रात ह्याचं उत्तर शेतात दिलेलं आहे. कापणी करताना एखादी पेंढी शेतात विसरली, तर माघारी जाऊन ती आणायची नाही. जैतुनाचं झाड एकदा झोडपलं की पुन्हा झोडपायचं नाही. द्राक्षाचा मळा दुसऱ्यांदा खुडायचा नाही. जे मागे राहील ते परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं. कारण काय, तर तुम्हीसुद्धा मिसर देशात गुलाम होता आणि देवाने तुम्हाला सोडवलं, हे विसरू नका. आपल्याकडे ह्याला सरवा म्हणतात. ज्वारी-बाजरीच्या रानात सरवा वेचून कितीतरी बायांनी लेकरं जगवली आहेत. बायबलमधली रूथ अशीच एक विधवा, परमुलखातून सासूबरोबर आलेली. ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. पुढे त्याच बवाजाने नातलगाचं कर्तव्य म्हणून तिच्या सासरची जमीन सोडवली आणि तिच्याशी लग्न केलं.

म्हणजे हिशेब असा आहे. तुला सोडवलं, आता तू दुसऱ्यासाठी वाट मोकळी ठेव. आपल्या मुलखात हा हिशेब काही माणसांनी कसा पाळला, ते आज बघायचं आहे.

सुरुवात आपल्या जालन्यापासून करू. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत ह्याच्यावरून खटला झाला आणि न्यायालयाने मुलाला बापाच्या ताब्यात दिलं. मग मिशनऱ्यांबरोबर राहिलेल्या ह्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही, ह्यावर मुंबईभर वाद पेटला. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर श्रीपतला परत घ्यावं अशा बाजूने उभे राहिले, त्यापायी त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला. एका घराचे दोन तुकडे झाले. धर्म बदलण्याची किंमत घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.

हेच नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले आणि १८६० नंतरच्या दशकात जालन्याला आले. तेव्हा हा मुलूख निजामाचा. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ एक वस्ती उभी केली. नवे ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. म्हणून नव्या वस्तीत घरं झाली, शाळा झाली, चर्च झालं, विहिरी झाल्या. ह्या वस्तीला नाव दिलं 'बेथेल'.

हे नावही उपकारस्तुतीतून आलेलं आहे. बेथेल म्हणजे देवाचं घर. बायबलमधला याकोब भावाच्या भीतीने घर सोडून पळाला. रात्र झाली तसा उघड्या रानात धोंडा उशाला घेऊन झोपला. स्वप्नात देवाने त्याला सांगितलं की तू जाशील तिथे मी तुझ्या पाठीशी आहे. सकाळी उठून त्याने तोच धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतलं आणि जागेला नाव दिलं बेथेल. आणि नवस बोलला, की तू जे देशील त्याचा दहावा भाग परत देईन. बघा, राखणदारी मिळाली, लगेच देण्याची गोष्ट आली. ज्यांच्या पायाखाली स्वतःची म्हणून जागा नव्हती, त्यांच्या वस्तीला हे नाव किती चपखल बसलं असेल!

आता जालन्याहून जरा लांब जाऊ, पण गोष्ट तीच आहे. दुष्काळ, विहीर आणि सोडवणूक.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईमाणसाने संस्कृत शिकू नये असं लोक म्हणत असताना त्यांनी बायकोला शिकवलं आणि आईने रमाला. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थातीर्थांतून फिरत असे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. झाडपाला खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली. आईला उचलायला खांदेकरी मिळेनात. दोन माणसं कशीबशी तयार झाली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची कमी, खांद्याला खांदा लागेना, म्हणून तिने आईच्या तिरडीचा भार डोक्यावर घेतला. मागोमाग थोरली बहीणही गेली.

पुढे भाऊबहीण पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली. १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. वय तेवीस, पदरात तान्ही लेक, माहेर संपलेलं.

१८८३ मध्ये रमाबाई शिकायला इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी लंडनजवळ फुलहॅम इथलं एक घर पाहिलं. ज्यांना जग वाईट चालीच्या म्हणून हाकलून देतं, अशा बायांना तिथल्या ख्रिस्ती जोगिणी सांभाळत होत्या. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायांना कुणी दया दाखवावी, हे त्यांनी आपल्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका जोगिणीने त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट आपल्या पाणवठ्यावरची वाटेल. भर दुपारी एक बाई एकटी विहिरीवर येते. ती परक्या, हलक्या मानलेल्या लोकांतली. तिचे पाच नवरे झालेले. येशू थकून विहिरीच्या कठड्याशी बसला आहे. तो तिच्याकडे पाणी मागतो. ज्यांनी तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही, त्यांच्यातलाच तो! मग देवाबद्दलच्या मोठमोठ्या गोष्टी तो तिच्याशी बोलतो. बाई घागर तिथेच टाकून गावात धावते आणि लोकांना बोलावून आणते. ह्या विहिरीला त्या भागात याकोबाची विहीर म्हणत, बेथेलची गोष्ट ज्याची, त्याच याकोबाची. रमाबाईंच्या मनात ही गोष्ट घर करून राहिली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आणलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा ह्या बाया कर्वे दारोदार फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करत. एका बाईला दार उघडलं, तिने पुढच्या बायांच्या दाराला खांदा लावला. हा हिशेब एकाच धर्माच्या वहीत लिहून संपत नाही.

वादही झाला. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत कुणाला ओढायचं नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई प्रार्थना करत त्या खोलीचं दार उघडं असे आणि मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये ह्यावरून पुण्यात रान उठलं. 'केसरी'ने टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. काही घरांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी माझी प्रार्थना लपवू कशाला? घरच्यांचं म्हणणं, आम्ही मुलगी शिकायला पाठवली होती. दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे.

मग १८९६ आला, आणि पुन्हा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत आहेत अशा बातम्या आल्या. रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक आठवली. त्या तिकडे गेल्या. मदतीच्या छावण्या चालू होत्या, पण तरुण पोरींना तिथेही धोका होता. दलाल फिरत होते. मूठभर धान्यासाठी, चार पैशांसाठी पोरी विकल्या जात होत्या. गहाण सोडवणं म्हणजे काय, हे इथे डोळ्यांसमोर दिसत होतं. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या.

आणल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेग सुरू झाला होता. प्लेगच्या इस्पितळात बायकांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असं रमाबाईंनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात उघड लिहिलं. मुंबईच्या गव्हर्नरने आरोप फेटाळले, पण रमाबाईंनी आपला शब्द मागे घेतला नाही. देव राखणदार आहे असं मानणारी ही बाई सरकारला जाब विचारायला कचरली नाही.

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव आहे, दौंड तालुक्यात. तिथे रमाबाईंनी आधीच माळरानाची जमीन घेऊन ठेवली होती. त्या जमिनीवर आधी झोपड्या, मग घरं झाली. विहिरी खोदल्या. वस्तीचं नाव ठेवलं 'मुक्ती'. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही शेकडो मुली आल्या, आणि मुक्तीतली माणसं दीड-दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या बायांसाठी 'कृपा सदन' निघालं. फुलहॅमला पाहिलेलं घर केडगावात उभं राहिलं. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली.

पण बसून खाणं तिथे नव्हतं. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, घाण्यावर तेल काढणं, स्वयंपाक, सगळं बायाच करत. छापखानाही बायांनीच चालवला. दुष्काळात रस्त्यावर सापडलेली पोर खिळे जुळवून पुस्तक छापू लागली. आणि काय छापलं? रमाबाईंना वाटे की मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जाते. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सबंध बायबलचं भाषांतर स्वतः केलं. त्यासाठी सुमारे अठरा वर्षं लागली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर काम पुरं झालं होतं. १९२४ मध्ये सबंध ग्रंथ बाहेर पडला. अक्षर ओळखायची बंदी असलेल्या बायांच्या हातांनी एवढा ग्रंथ छापला, ही मला त्यांची मोठी उपकारस्तुती वाटते.

आता मैत्रिणींनो, एक अवघड गोष्ट बोलू या. अपघातातून वाचलेलं माणूस म्हणतं, देवाने राखलं. मग जे वाचले नाहीत त्यांना देवाने राखलं नाही का? हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी येऊन गेला आहे. रमाबाईंच्या आयुष्यात तर तो पदोपदी होता. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. आणि शेवटी, आईचं काम पुढे चालवायला तयार झालेली एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये वारली, आईच्या आधी काही महिने. मुक्तीत आणलेल्या मुलींतही कितीतरी उपासाने इतक्या खंगल्या होत्या की वाचल्या नाहीत.

रमाबाई देवावर रुसल्या नाहीत. पण मी वाचले म्हणजे मी काही खास, असंही त्यांनी मानलं नाही. त्यांनी आपल्या वाचण्याचा अर्थ असा लावला, की ज्या वाटेवर मी मरता मरता राहिले, त्या वाटेवर आता मला उभं राहायचं आहे. १८७४ च्या दुष्काळात कुणी दार उघडलं नाही, म्हणून १८९६ च्या दुष्काळात त्या स्वतः दार झाल्या. 'देव राखतो' ह्या बोलण्याला त्यांनी आपले हातपाय दिले. गेलेल्यांचं दुःख त्याने पुसलं जात नाही, पण पुढच्या कुणाचा तरी जीव वाचतो.

शेवटी पुन्हा जालन्याला येऊ. हापसा तुम्हाला माहीत आहे. गावोगावचा तो लोखंडी हातपंप, ज्याच्या दांड्याला लोंबकळत आपण लहानपणी खेळलो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी विंधन विहिरींवर ओतीव लोखंडाचे पंप बसवत. ते खरं तर एका घरापुरते केलेले. अख्खं गाव दिवसभर त्यावर पाणी काढायचं, मग ते लवकर मोडायचे आणि बाई पुन्हा घागर घेऊन कोसभर चालायची. त्या काळात जालन्याच्या मिशनचं विंधन विहिरींचं काम चालू होतं. त्या कामातून गावाचा भार सोसेल असा मजबूत पंप तयार झाला. त्याला 'जालना पंप'च म्हणत. त्याच सुमाराला सोलापूरला तसाच प्रयत्न झाला, तो 'सोलापूर पंप'. त्या सोलापूर पंपाच्या आधारावर युनिसेफच्या मदतीने १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. तो भारतभर गेला, आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजींना विचारा, खडी फोडून आल्यावर पाण्याचा एक हंडा किती मोलाचा होता.

त्या हापशावर पाणी भरताना कुणी कुणाची जात विचारली असेल, धर्म विचारला असेल. आपल्याकडे तेही झालं आहे. पण पंप बनवणाऱ्यांनी तो सगळ्या गावासाठी बनवला होता. शेतात मागे ठेवलेल्या सरव्यासारखा, जो येईल त्याचा.

आपल्या बचत गटाच्या येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने एकच नाव सांगायचं. अडचणीच्या वेळी मला कुणी सोडवलं? कुणी पहिले शंभर रुपये दिले, कुणी दवाखान्यात रात्रभर बसलं, कुणी नवऱ्याच्या मारातून ओढून घरात घेतलं? देवाचं नाव घ्यायचं असेल तर तेही घ्या. मग गावातली अशी एक बाई आठवा, जी आपल्या गटात नाही. ऊसतोडीला जाते म्हणून बैठकीला येता येत नाही, किंवा हप्ता भरता येत नाही म्हणून आपणच तिला घेतलं नाही. तिच्यासाठी काय मागे ठेवता येईल, ते ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.

नाताळात ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी करंजी खायला गेलात, तर तिला उपकारस्तुतीचं एखादं गाणं म्हणायला सांगा. ती आनंदाने म्हणेल.